छत्राखालची सावली

एका राज्यात, एका लख्ख सकाळी, टेकडीवरच्या बिळातून नुसती सावली बाहेर आली. मागे साळिंदर नव्हतं.

माघ सरताना साळिंदराला थंडीचं विचारायची तिथे रीत होती. सारं नगर गूळ-दाणे खात बिळापाशी जमायचं, हाकाऱ्या हाक मारायचा. साळिंदराला आपली सावली दिसली तर थंडी आणखी पंधरा दिवस. नाही दिसली तर घोंगड्या माळ्यावर.

नुसती सावली पाहून लोक हसले. हाकाऱ्या गोदाजीची लेक शेवंती तेवढी दचकली; पण ती पान पडलं तरी दचकायची. सावली सरपटत गोदाजीच्या पायांवर चढली. पाय पांढरे पडले, गुडघ्यांवर दहिवर साचलं. हाकेसाठी उघडलेलं तोंड उघडंच राहिलं.

दगडावर बसलेली टिटवी बोलली, "राजा, गेल्या साली घाई कुणाला होती?"

राजा सुकेतूने मान खाली घातली. शिकारीला निघायचं म्हणून त्याने साळिंदरावर आपलं छत्र धरवलं होतं. सावली पडली नाही, आणि भर थंडीत थंडी संपल्याची दवंडी पिटली गेली.

"सावली छत्राखालीच राहिली," टिटवी म्हणाली. "तेव्हापासून अंग शोधते आहे. छत्र मोडा. राजाने खरं सांगावं. मग हाकाऱ्याच्या लेकीने तीन हाका माराव्यात, त्यातली एक तरी मनापासून. दहिवर छातीला पोचलं, की हा माणूस सावलीचा."

राजाने छत्र गुडघ्यावर मोडलं. "मी फसवलं," तो म्हणाला. दहिवर कंबरेला आलं होतं.

"माझा आवाज फुटत नाही, टिटवीताई," शेवंती म्हणाली.

"मांजर दिसलं तरी गाव गोळा करतेस," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. "आता काय झालं गं?"

शेवंती बिळापाशी वाकली. "साळिंदरदादा, ऊन पडलंय, बाहेर या."

बिळातून गार वारा आला.

दुसरी हाक तिने मारायच्या आधीच आतून आली. तिच्याच आवाजात, शब्दाला शब्द. खाली पाहिलं तर तिची स्वतःची सावली पायांपासून सुटून बिळाकडे सरकत होती. शेवंतीने मागे पाहिलं. दहिवर बरगड्यांवर चढत होतं. रीतीचे शब्द तिला आठवेनात. उरला तो एकच.

"बाबा," तिने तिसरी हाक मारली.

बिळात काटे खुळखुळले. शेवंतीची सावली परत तिच्या पायांशी आली. साळिंदराची सावली गोदाजीच्या अंगावरून उतरली, शेवंतीच्या पायांवरून थंडगार सरकत बिळाच्या तोंडाशी जाऊन थांबली. उन्हात एक ओलं, काळं नाक दिसलं.

आणि तिच्या पाठीमागून, घसा खाकरत, कुणीतरी ओ दिली.