सुभाना 'जातो' म्हणाला

एकदा काय झालं, दोन राजे भांडले. कशावरून ते मला विचारू नका, पुढे पुढे त्यांनाही आठवेना. मग लढाई लागली, आणि सुभाना नावाचा एक साधा माणूस पायदळात शिपाई झाला. घोडा नाही, पालखी नाही. सगळी लढाई पायांवर, बरं का.

सुभानाच्या घरी आई होती आणि बायको धुरपा. धुरपाचं माहेर समोरच. मधे एक गल्ली आणि एक चिंच. निघायच्या दिवशी नगारा वाजला, हवालदार ओरडला, आणि घाईघाईत सुभाना उंबऱ्यावरून म्हणाला, "आई, जातो."

आता घरून निघताना असं म्हणतात का? 'येतो' म्हणायचं. आई मागून सांगत राहिली, पण नगाऱ्यापुढे तिचं कोण ऐकणार? पायांनी मात्र तो शब्द ऐकला आणि धरून ठेवला.

मग लढाई झाली. चिखल तुडवला. डोंगर चढले, तेच डोंगर पुन्हा उतरले. उभ्या उभ्या झोपायचं, झोपेत चालायचं. कोण जिंकलं ते शिपायांना कुणी सांगितलंच नाही. एके सकाळी हवालदार म्हणाला, सुटलात.

सुभाना घराकडे निघाला. थोडं चालला आणि बघतो तर काय, पाय वळलेले. पुन्हा त्याच माळावर, फाटक्या तंबूंपाशी. मग तो मिठाच्या बैलगाडीत बसला. गाडी गावाच्या वाटेला लागली तशी पायांनी खाली उडी टाकली. मग नदीत ओंडका धरून वाहत निघाला, तर पाय उलटं पाणी मारू लागले.

थकून तो दगडावर टेकला. आई रोज संध्याकाळी पाय धुवायला ऊन पाणी ठेवत असेल, आणि ते रोज निवत असेल. एवढंच त्याच्या मनात येत होतं.

शेजारी पलीकडच्या राजाचा एक म्हातारा शिपाई बसला होता, पायांना चिंध्या बांधून. परवा भाला घेऊन अंगावर धावला होता, तोच. आता दोघांतही भांडायचं त्राण नव्हतं. त्यांनी एक भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. मग सुभानानं आपलं रडगाणं सांगितलं.

म्हातारा म्हणाला, "येतो म्हणालाच नाहीस, तर येशील कसा? लग्न झालंय?"

"झालंय की."

"मग सासरी जा बाबा. जायला तर पाय तयारच आहेत."

सुभाना फार दिवसांनी हसला. पायांना म्हणाला, चला, सासरी जातो. आणि पाय निघाले, अगदी जावयाच्या ऐटीत.

चिंच आली, गल्ली आली. समोर आपलं घर, दारात आई. पण पाय तिकडे वळेनात. ते थेट सासूच्या ओसरीवर चढले. सासूनं गूळपाणी दिलं. धुरपा धावत आली.

"लढाईवरून आलात, ते आधी माझ्या माहेरी?" तिला हसावं की रडावं कळेना.

सासू जेवायचा आग्रह करत होती. सुभाना उठला. पायांकडे बघत, सावकाश म्हणाला, "मामी, येतो."

पाय जरा थबकले. मग वळले. गल्ली ओलांडून आपल्या दारात आले.

आईनं पायांवर ऊन पाणी घातलं. "आलास?"

"आलो."

जेवण व्हायच्या आधीच पाय झोपी गेले. मग सगळी सुखात राहिली. राजे पुन्हा भांडले म्हणतात. भांडेनात का. सुभाना काही उठला नाही.

आता तुम्हीही पाय पोटाशी घ्या. झोपेच्या गावाला निघताना काय म्हणायचं? हं. 'येतो' म्हणा आणि मिटा डोळे.