राजेसाहेबांचा रेकॉर्डर

“पुन्हा दुरुस्ती? त्यापेक्षा मी ते यंत्र विहिरीत टाकते,” राणीसाहेब म्हणाल्या.

“विहिरीचं पाणी गाव पितं,” दिवाणजी म्हणाले आणि त्यांनी यंत्र आपल्याकडे ओढून घेतलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. शिरगुंडीचं संस्थान केव्हाच खालसा झालेलं, पण राजेसाहेबांना ते कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. त्यांचा दरबार अजून रोज भरायचा. दरबारात माणसं किती? एक राणीसाहेब, एक दिवाणजी आणि धूळ झाडायला हौसा. आज मधोमध चौरंगावर बसला होता डीव्हीडी रेकॉर्डर, टीव्हीवर दिसेल ते तबकडीवर उतरवून ठेवणारा. त्याचा तबकडी ठेवायचा कप्पा अर्धा बाहेर येऊन अडकला होता. ना पुढे, ना मागे. अडेलपणात धन्यावर गेलेला!

एरवी एवढं कोणाचं अडलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी जत्रेत कुस्त्यांचा फड होता आणि जिंकणाऱ्या पैलवानाला गदा राजेसाहेब स्वतः देणार होते. टीव्हीवाले ते दाखवणार होते, एकदाच. आणि गदा देणाऱ्या माणसाची अडचण अशी, की तो त्या वेळी घरी बसून स्वतःला बघू शकत नाही.

दिवाणजींचं म्हणणं, यंत्र उत्तम आहे, तालुक्याच्या दुकानात नेलं की सुधारतं. राणीसाहेबांचं म्हणणं, सुधारतं आणि पुढच्या सणाला पुन्हा बिघडतं, तेव्हा नवंच आणा. राजेसाहेबांनी दोघांचं ऐकलं आणि ते दोघांवरही रागावले. दुरुस्तीला पाठवावं तर बाजारात हसं होणार, की शिरगुंडीचा राजा भंगार वापरतो. नवं आणावं तर आजोबांचा नियम मोडणार. नियम असा, की एका कामाला घरात दोन वस्तू ठेवायच्या नाहीत आणि घरात आलेली वस्तू कायमची उंबऱ्याबाहेर काढायची नाही. आजोबा गेले, नियम ठेवून गेले.

दोन्ही वाटा बंद झाल्या की मोठी माणसं काय करतात? नोकराकडे बघतात.

“हे पुसतं कोण?” राजेसाहेबांनी विचारलं. “ही हौसा. ओल्या फडक्यानं पुसून हिनंच बिघडवलं. आता हिनंच सांगावं काय करायचं ते. आणि ऐक गं, ‘दुरुस्त करा’ म्हणालीस तरी तुझं काम गेलं, ‘नवं आणा’ म्हणालीस तरी गेलं.”

हौसाच्या घरची चूल या कामावर पेटत होती. दुसरी कोणी असती तर पाय धरले असते. हौसानं फडकं खांद्यावर टाकलं. मला अशा बाया आवडतात.

“सांगते की,” ती म्हणाली. “पण सरकार, नवं यंत्र आलं तर आधी काय कराल?”

“काय म्हणजे? पूजा.”

“आणि दुरुस्त होऊन आलं तर?”

“तरी पूजाच. चार परक्या हातांतून आलेलं असतं.”

“पूजा दिवाणजी करतात?”

राजेसाहेबांना हा अपमान वाटला. या घराण्यात हत्यारापात्याची पूजा राजाच्याच हातानं होते, खंडेनवमी असो, लक्ष्मीपूजन असो की पाडवा, असं त्यांनी तिला बजावलं.

“तर मग एकदा करून दाखवा. कशी करतात ते कळू दे आम्हालाही,” असं म्हणून हौसानं देवघरातलं चांदीचं तबक आणून पुढे धरलं.

मान मिळतो म्हटल्यावर राजेसाहेब थांबतात काय! त्यांनी फेटा सारखा केला आणि आधी समजावून सांगितलं. तलवारीला कुंकू लावायचं ते पात्याला, नांगराला लावायचं ते फाळाला. जे अंग काम करतं, मान त्या अंगाचा. या यंत्रात काम करतो कोण? हा कप्पा. असं म्हणत त्यांनी कप्प्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता अशा काही टाकल्या, की निम्म्या सरळ आत गेल्या.

हौसानं आधी यंत्राला हात जोडले. मग वायर काढली, यंत्र उचललं, तबकावर तिरपं धरलं आणि सुपात धान्य पाखडावं तसं हलवलं. आधी आजच्या ताज्या लाल अक्षता पडल्या. त्यांच्यामागून पाडव्याच्या पडल्या, रंग उडालेल्या. मग आणखी जुन्या, काळपट, आणि शेवटी झेंडूची एक वाळकी पाकळी. वायर पुन्हा लावून तिनं बटण दाबलं. कप्पा आत गेला, बाहेर आला, लोण्यातून सुरी फिरावी तसा.

तालुक्याचा दुकानदार दर वेळी हेच झटकून देत होता. काय झटकलं ते त्याला कोणी विचारलं नाही, आणि गिऱ्हाईक सणासणाला येतंय म्हटल्यावर तो तरी आपणहून कशाला सांगेल?

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. दिवाणजी छताचे वासे मोजू लागले. राजेसाहेब कुंकवाइतके लाल झाले. पण राजे ते राजेच.

“ते असो,” ते म्हणाले. “मी विचारलं त्याचं उत्तर दे. दुरुस्त, की नवं?”

हौसानं जे उत्तर दिलं, त्यावर राजेसाहेब फेटा सुटेपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशीची गदा यंत्रानं छान उतरवली. हौसाचं काम राहिलं, आणि ते चांदीचं तबक आजोबांचा नियम मोडून उंबऱ्याबाहेर पडलं ते तिच्याच घरी गेलं. ते उत्तर देताना तिचा आवाजही चढला नव्हता. हाताला लागलेलं कुंकू फडक्याला पुसत ती एवढंच म्हणाली, “यंत्र हेच राहू द्या सरकार, पुजारी तेवढा बदला.”