सावलीची हद्द

"सावली हटवा!" वीरधवलराजांनी घोड्यावरूनच हुकूम सोडला.

बांधावरच्या जुन्या कडुनिंबाची सावली राजांच्या शेतात पडायची आणि तेवढ्या तुकड्यातली बाजरी खुजी राहायची. झालं, राजे हटून बसले! म्हणाले, झाडच तोडा.

येसूनं हातातला विळा खाली ठेवला. हे शेत तिचंच घर कसायचं. आश्विनातल्या कापणीला ऊन असं तापायचं की विळ्याची मूठ हातात धरवत नसे. दुपारी सगळी बायामाणसं याच झाडाखाली टेकायची, तान्ह्यांच्या झोळ्याही याच्याच फांदीला. चार दिवसांपूर्वी तिची आई धोंडाई ऊन लागून भोवळ येऊन पडली, तीही इथं आणून निजवली तेव्हा शुद्धीवर आली. आता झाडच गेलं तर?

"महाराज, तोडू नका हो!" येसू पुढं झाली. "याचाच पाला तुमच्या कोठारातल्या बाजरीत घालतो, म्हणून किडा लागत नाही."

"असं? मग झाड राहू दे," राजे मिशीत हसले. "पण सावली माझ्या शेतात नको! उद्या दुपारी येतो. माझ्यादेखत ती काढायची, नाहीतर कुऱ्हाड!"

राजे गेले. धोंडाईनं कपाळाला हात लावला. "अगं बये, सावली म्हणजे काय गाठोडं आहे, उचलून बाजूला ठेवायला?"

"आई, तू फक्त माठ भरून ठेव," येसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बायांनी तेवढा तुकडा कापून मोकळा केला. ऐन दुपारी राजे हजर, मागं कारभारी नरसोपंत.

"हं पोरी, काढ सावली!"

"काढते की! पण कुठून कुठवर? मागून म्हणाल, वीतभर राहिली. आपल्या हातानं हद्द आखून द्या, महाराज."

हद्दी आखायची राजांना भारी हौस. लगेच उतरले, येसूनं पुढं केलेली राखेची पाटी घेतली आणि सावलीच्या कडेनं रेघ ओढत निघाले. फेरी पुरी होते न होते तोच येसू ओरडली, "अहो महाराज, तिकडून सरकली की!"

राजांनी पहिली रेघ पुसली, दुसरी ओढली. तीही चुकली! पायाला धसकटं टोचत होती, पागोट्यातून घामाच्या धारा लागल्या होत्या. नरसोपंत छत्री घेऊन धावले.

"पंत, छत्री नको!" येसू म्हणाली. "तिची सावली मधेच पडली तर मोजणी बिघडेल ना!"

"बरोबर आहे, मागं व्हा!" राजे गुरगुरले.

चौथ्या फेरीला राजांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाटी टाकून ते सावलीत मटकन बसले. धोंडाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. राजांनी तो एका दमात रिकामा केला. वाऱ्याची झुळूक आली, फांदीवरची झोळी हलली, राजांनी डोळे मिटले. असं बरं त्यांना महालातही कधी वाटलं नव्हतं.

"उठा, महाराज!" येसूनं पदर खोचला. "सावली काढते!"

"ए, थांब! खबरदार हात लावशील तर!"

"पण हुकूम आपलाच आहे!"

"आहे ना! पण आत्ता नको. ऊन उतरल्यावर काढ!"

"ऊन उतरल्यावर ती कुणाला हवीच नसते, महाराज! मग मी कशाला काढू? ती आपली आपण जाते!"

राजे असे खदखदून हसले की झाडावरचे पोपट उडाले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी येसूला दिलं. "आणखी माग!"

"प्रत्येक बांधावर एक कडुनिंब, महाराज. आणि ऊन डोक्यावर असेल तोवर विळा खाली."

"दिलं! पंत, आजच दवंडी पिटवा!"

"जी! मग निघायचं ना, महाराज?"

"छे! ऊन तर उतरू द्या!" म्हणत राजांनी पाय पसरले.

तेवढ्यात धोंडाई आणखी एक झोळी घेऊन आली. "महाराज, जरा सरकून बसता का? बाळाला निजवायचं आहे."

आणि राजे मुकाट्यानं सरकले!