तळ्याकाठची पंगत

फार पूर्वी वेणुमती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. नगरीचे मोठे तळे उथळ होत चालले होते आणि भातशेती सुकत होती. शेतकऱ्यांनी कुंभारांकडे बोट दाखवले. मडकी भाजण्याच्या आव्यासाठी तळ्यालगतच्या टेकडीवरची झाडे तेच तोडत होते आणि मडक्यांसाठी मातीही तिथलीच खणत होते.

राजा म्हणाला, "अमात्य, कुंभारवाडा हद्दपार करा. पावसाळ्याआधी निकाल लावलात, तर महामात्याचं आसन तुमचं."

बोधिसत्त्व याच तळ्याकाठी वाढला होता. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात उतरून माती खणणारे कुंभार त्याला आठवले. त्या खड्ड्यांत मारलेल्या उड्या आठवल्या, चिखलाने माखून घरी गेल्यावर आईने धरलेला कान आठवला. फार गोड दिवस होते ते. मग आता तळ्यात कुणीच का उतरत नाही, हे त्याला कळेना.

त्याने शेतकरी आणि कुंभार दोघांनाही रोज तळ्याकाठी पंगतीला बोलावले. शेतकऱ्यांनी तांदूळ आणले, कुंभारांनी मडकी आणि सरपण. पहिल्या दिवशी नुसती भांडणे झाली. जेवणावर मात्र कुणी राग काढला नाही. बोधिसत्त्व रोज भात वाढत राहिला आणि तळ्यात आता कुणी का उतरत नाही, हे विचारत राहिला.

अखेर उत्तरा नावाची म्हातारी कुंभारीण उसळून म्हणाली, "टेकडी आम्ही हौसेनं खणतो का रे? तळ्यातली माती तुम्हीच बंद केलीत!"

"पाणी गढूळ व्हायचं, आजी. गुरं तोंड लावत नव्हती," शेतकऱ्यांचा प्रमुख सोमिल म्हणाला.

"आणि खणलेल्या टेकडीची माती पावसात कुठं जाते?" बोधिसत्त्वाने विचारले.

सगळ्यांनी तळ्याकडे पाहिले. सोमिलचा घास हातातच राहिला. तळे जपायला म्हणून घातलेल्या बंदीनेच ते बुजत होते.

"आजी, उन्हाळ्यात उतरा तळ्यात," सोमिल हळूच म्हणाला. "आव्याला लाकडाऐवजी आमचा भाताचा कोंडा न्या. आम्ही तो उगाच जाळतो."

तोवर पावसाळा लागला होता. राजाने कुंभारांना राहू दिले, पण आसन दुसऱ्याला दिले. बोधिसत्त्वाला थोडे वाईट वाटले. पुढच्या उन्हाळ्यात मात्र सोमिलने आपल्या हाताने उत्तरेला कुदळ दिली, तेव्हा बोधिसत्त्वाचे डोळे आनंदाने भरून आले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची उत्तरा म्हणजे ही भिक्षुणी नंदिनी. राजा म्हणजे आपल्या विहाराचा उतावळा दाता. सोमिल म्हणजे विहाराच्या विहिरीवरून नंदिनीशी अबोला धरून बसलेला भिक्षू पुण्णक. पाहा, त्याचे कान लाल झाले आहेत. अमात्य मीच होतो. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा, त्यालाही शेजारी बसवून ऐकून घेणे, ही त्या जन्मी मी जोपासलेली प्रज्ञा."