भोकरगव्हाणचा खोटा प्रेषित

गोदाकाठच्या भोकरगव्हाणात ख्रिस्ती मंडळींची थोडीच घरं. त्या घरांवर साधू शांतवनबाबांची फार माया. बाबा एका जागी राहत नसत. खांद्यावर घोंगडी टाकून नदीच्या दोन्ही तीरांवरच्या मंडळ्यांत फिरत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, प्रार्थना चालवत. एका आषाढात बाबा पैलतीरी होते आणि इकडे मंडळीत लांडगा शिरला.

त्याचं नाव जयराज. पांढराशुभ्र झगा, गोड गळा. स्वतःला प्रेषित म्हणवून घेई. आला तेव्हा त्याने प्रभूचं नाव घेतलं. हळूहळू प्रभूपेक्षा स्वतःचंच जास्त घेऊ लागला. उपासनेला येणारे लोक वेदीकडे न बघता त्याच्या पाया पडू लागले. मंडळीचे पंच एलीयाजी साळवे, शिकलेसवरलेले गृहस्थ, तेच सर्वांत पुढे!

रिबकाबाई मात्र वाकली नाही. विधवा बाई, एकुलती लेक दीना. पोरीला फेफरं येई. पण दवाखान्यातल्या गोळ्यांनी ते आटोक्यात होतं. अशात जयराजाने भर सभेत फर्मान काढलं : औषध म्हणजे अविश्वास, ज्याच्या घरात गोळी त्याच्या घरात सैतान.

"डॉक्टरला बुद्धी देवानंच दिली ना?" रिबकाबाईने विचारलं.

एलीयाजी हसले. "तुला देवाचं काय कळतं गं? प्रेषितांपुढे तोंड चालवतेस?"

त्याच दुपारी त्यांनी माणसं पाठवून तिच्या घरातल्या गोळ्या नदीत फेकायला लावल्या. देवाचं नाव घ्यायचं आणि आजारी लेकराचं औषध हिसकावायचं, याला का श्रद्धा म्हणायचं?

दवाखाना पलीकडच्या तीरावर. रिबकाबाई धावत घाटावर गेली, तर नदीला पूर आलेला, नाव बंद. ती रिकाम्या हाताने परतली.

रविवारी ती दीनाला घेऊन उपासनेत मागे बसली. देवाचं घर काही जयराजाचं नव्हतं. प्रवचन चालू असताना दीना धाडकन कोसळली, हातपाय ताठले, तोंडाला फेस आला.

जयराजाने हात वर केला. "कोणी शिवू नका. आईच्या अविश्वासाचं भूत आहे. शिवेल त्याला धरील."

बायका पदर सावरत मागे सरल्या. एलीयाजीही सरले. झटका थांबेना, पोरीचे ओठ निळे पडले. रिबकाबाई तिला कवटाळून पुटपुटली, "प्रभू, इथं तुझं माणूस कोणीच नाही का रे?"

दार उघडलं. शांतवनबाबा आत आले, तिच्याजवळ जमिनीवर बसले. दीनाला कुशीवर वळवून त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "प्रभू, लेकरू तुझं आहे," एवढंच म्हणाले. पोरीचं अंग सैल पडलं. ओठांवर रंग आला. डोळे उघडून तिने पाणी मागितलं.

"पाहिलंत? माझ्या सामर्थ्याने..." जयराज पुढे सरसावला.

बाबा कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी त्यांचा स्वर संतापाने कापत होता. "लेकरू तडफडत होतं तेव्हा तू त्याच्या आईला दोष देत होतास. आता एक प्रार्थना कर. तीत 'मी' येऊ देऊ नकोस."

जयराजाने हात उंचावले. ओठ हलले, शब्द फुटेना. त्या गोड गळ्यातून नुसती घरघर निघाली. घाम पुसत तो दाराबाहेर पडला, तो पुन्हा त्या गावात दिसला नाही.

बाबा मंडळीकडे वळले. "मेंढपाळ त्याच्या गळ्यावरून ओळखू नका. दुबळं कोकरू पडल्यावर तो काय करतो ते बघा." मग घोंगडीतून गोळ्यांची पुडी काढून त्यांनी रिबकाबाईला दिली. "दवाखान्यातून आणल्यात. रोज देत जा. हीसुद्धा प्रभूचीच कृपा."

तेव्हा कुठे एलीयाजींच्या ध्यानात आलं. नदी दुथडी भरून वाहत होती, नाव किनाऱ्याला बांधलेली होती, आणि बाबांचं धोतर कोरडं ठणठणीत!

"बाबा, आपण आलात कसे?"

"या माउलीने हाक मारली. ज्याने ती ऐकली त्याला विचारा."

एलीयाजींचा ताठा गळाला. ते बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तोच बाबांनी त्यांचे खांदे धरले. "माझ्या पाया पडू नका. असंच पाया पडत तुम्ही त्याला मोठं केलंत. क्षमा मागायची तर हिची मागा."

एलीयाजी रिबकाबाईसमोर गुडघ्यांवर आले. डोळ्यांना धार लागली होती, हात जोडलेले होते.

रिबकाबाईने पदराने दीनाचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "उठा पंच. पोरीच्या अंगात त्राण नाही. तिला घरी न्यायला हात लावा."

एलीयाजी वाकले आणि त्यांनी दीनाला दोन्ही हातांवर उचलून घेतलं.