बाबली चिताऱ्याचा तांबडा पोपट

पाय आत घ्या, पांघरूण नीट ओढा, आणि मधेमधे बोलायचं नाही. सांगते.

समुद्राकाठच्या एका गावात बाबली नावाचा चितारी राहत होता. चितारी म्हणजे लाकडाची खेळणी करून ती रंगवणारा, बरं का. आंबे, केळी, कारली, पोपट, मोर, काय वाट्टेल ते करायचा. हात असा बसलेला की त्याचं लाकडाचं कारलं बघूनच तोंड कडू व्हावं. पण एक गोम होती. बाबलीला तांबडं कुठलं आणि हिरवं कुठलं ते कळायचंच नाही. जन्मापासून त्याला दोन्ही सारखंच दिसायचं, वाळक्या पाचोळ्यासारखं. मग व्हायचं काय, डाळिंबं हिरवी आणि कारली तांबडी! सगळं गाव पोट धरधरून हसायचं.

मग त्यानं रंगवायचं सोडून का नाही दिलं, असं विचाराल. अरे, हात शिवशिवतात ना! कुंचला हातात आला की बाबली तहानभूक विसरायचा. हसतात तर हसू देत, म्हणायचा.

त्याला एक मुलगी होती, सुरंगी. तिची आई लवकर देवाघरी गेली, म्हणून बाबलीनंच तिला वाढवलं. वेण्या वाकड्या घालायचा, पण रोज घालायचा. सुरंगी तीन वर्षांची झाली आणि एक दिवस त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, कालंलं हिलवं अशतं!" झालं. त्या दिवसापासून ती रंगाच्या करवंट्यांपाशी बसायला लागली. बाबलीचा कुंचला चुकीच्या करवंटीकडे वळला रे वळला की ही मनगट धरायची. "अहो बाबा, ही नव्हे, ती!" बाहेर कुणाला याचा पत्ता नाही. लोकांना वाटलं, बाबली सुधारला.

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा काय झालं, सुरंगी कळशी घेऊन रानातल्या झऱ्यावर गेली आणि परत आलीच नाही.

बाबली खांद्यावरच्या कामाच्या पिशवीसकट धावत झऱ्यावर गेला. कळशी तिथंच, काठोकाठ भरलेली. मुलगी नाही. त्या रानातून आजवर बरीच मुलं अशी नाहीशी झाली होती. मग राजाचे शिपाई आले. हातात भाले, आणि मिशा तर ह्या एवढ्या! त्यांनी झुडपं झोडपली, झऱ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली उभं राहून वर बघितलं, म्हणाले, "नुसती पानं आहेत." आणि गेले जेवायला.

बाबली एकटा उरला. त्यानंही वर बघितलं. आता ऐका हं. शिपायांना हिरवं हिरवं दिसलं, त्यांना वाटलं पानं. बाबलीला हिरव्याचं काय कौतुक? तो आपला आकार बघायचा. त्याला दिसल्या चोची, दिसले वाटोळे डोळे. पानाला कधी डोळा असतो का? त्या झाडावर तब्बल शंभर पोपट बसले होते, चिडीचूप.

"माझे पोपट तुला दिसले?" मागून कुणीतरी म्हणालं. "मलासुद्धा दिसत नाहीत!"

ती होती रानातली म्हातारी. केस जमिनीला टेकलेले, अंगावर शेवाळ. घाबरू नका, मुलंबिलं खाणारी नव्हती. पण भारी हट्टी, आणि एकटी राहून राहून कंटाळलेली. झऱ्यावर मूल आलं की विचारायची, "हा हिरवा झगा घालून बघायचा का?" मुलं काय, हो म्हणायचीच. झगा अंगात गेला की भुर्र, झाला पोपट!

हे तिच्याच तोंडून ऐकलं आणि बाबली तिच्या पायाच पडला. "आजी, माझी सुरंगी मला द्या. तिच्यावाचून मला कुणी नाही."

"ओळख आणि ने," म्हातारी म्हणाली. "तीन वेळा सांगायचं. तिसऱ्यांदा चुकलास तर ती कायमची माझी."

मग बाबलीनं हाक मारली, "सुरंगीऽऽ!" तर शंभरच्या शंभर पोपट ओरडले, "बाबा! बाबा!" तेवढा एकच शब्द त्यांना येत होता. सगळ्यांनाच आपापले बाबा आठवले, बिचाऱ्यांना. सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या पोपटाकडे बाबलीनं बोट दाखवलं. चुकलं. ती होती कुंभाराची चंपी. तिनं बंदरावरून हाक मारली तर बाजारात ऐकू जायची.

मग त्यानं पिशवीतून तिच्यासाठी ठेवलेला पेरू काढला. सुरंगीचा जीव पेरूवर. एक पोपट लगेच झेपावला आणि मटामटा खायला लागला. "हीच!" बाबली म्हणाला. तेही चुकलं. तो होता शिंप्याचा अण्णू, जन्माचा खादाड.

आता एकच खेप उरली. बाबली मनात म्हणाला, आता चुकलो तर पोर गेली! तो मटकन झाडाखाली बसला. आणि हाताला चैन पडत नसली की चितारी काय करणार? त्यानं पिशवीतून एक कोरा लाकडी पोपट काढला, करवंट्या मांडल्या, कुंचला बुडवला. रंगवता रंगवता काहीतरी सुचेल म्हणाला. आणि पंखावर पहिला हात मारला.

तांबडा! लालभडक!

नव्व्याण्णव पोपटांनी बघितलं. त्यांचं काय जातंय? तांबडा तर तांबडा. पण एका पोपटाला राहवेना. तो फांदीवर थयथय नाचायला लागला. बाबलीनं दुसरा पंखही तांबडा केला. मग मान तांबडी केली. मग कुंचला शेपटीकडे वळला मात्र, फांदीवरचा तो पोपट झपकन खाली आला, बाबलीच्या मनगटावर बसला आणि चोचीनं बाही धरून ओढायला लागला. ही नव्हे, ती! ही नव्हे, ती!

बाबलीच्या हातून कुंचला गळून पडला. त्यानं तो पोपट छातीशी धरला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "हीच," म्हणाला, "हीच माझी सुरंगी. माझ्यावर असं रागावणारं जगात दुसरं कोण आहे?"

म्हातारी शब्दाला पक्की होती. पिसं झडली आणि सुरंगी समोर उभी, वाकड्या वेण्यांसकट.

पण म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं तो अर्धा रंगवलेला लाकडी पोपट फांदीवर ठेवला, चार पावलं मागे गेली आणि टाळ्याच पिटायला लागली. "अगंबाई, हा मला दिसतोय! एवढे पोपट जमवले, पण सगळे पानांत पान होऊन बसतात. म्हणून आणखी एक आणते, आणखी एक आणते, तरी झाड आपलं रिकामंच."

सुरंगी म्हणाली, "आजी, आमचे बाबा तुम्हाला असेच आणखी करून देतील. तुम्ही मुलं सोडा."

मग बाबली बसला कामाला. एक पोपट झाला की एक मूल सुटायचं. या खेपेला सुरंगीनं स्वतःच तांबडी करवंटी पुढे सरकवली. पहिली सुटली चंपी, आणि तिनं अशी बोंब ठोकली की अजून जेवत बसलेले शिपाई पाटावरून उठले. सगळ्यांचे आईबाप रडत हसत आले आणि आपापली पोरं घेऊन गेले. म्हातारी झाडाखाली बसून आपले तांबडे पोपट बघत राहिली. तिचंही मन रमलं.

शेवटचा पोपट फांदीवर बसला, मग बापलेक घरी निघाले. सुरंगीनं बाबांचं बोट धरलं होतं. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "बाबा, मी खाली आलेच नसते तर?"

बाबली म्हणाला, "तर मी तिथंच बसून पोपट रंगवत राहिलो असतो. रोज एक. रोज चुकीचा. कधी ना कधी तुला राहवलं नसतंच."

सुरंगीनं बोट आणखी घट्ट धरलं. घरी जाऊन दोघं पेज जेवली आणि पुढं खूप वर्षं सुखात राहिली.

चला, कुशीवर वळा आता. दिवा मी मालवते.