शंभर वावांचा दोर

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. लहानांनी पुढं सरकून बसा, मोठ्यांनी मागं बसलं तरी चालेल. घाई मात्र कुणी करायची नाही.

एका नदीकाठच्या गावात येसबा नावाचा कुंभार होता. त्याची बायको साळू. येसबाची मडकी पंचक्रोशीत नावाजलेली. मडकं हातात घेऊन टिचकी मारली की कसं खणखणीत वाजायचं! माणूस कष्टाळू होता, सरळ होता. दोष एवढाच, की त्याच्या पायाखाली सदा विस्तव. जेवताना त्याला चाक आठवायचं आणि चाकावर बसला की जेवण.

"अहो, तुमचं चाकसुद्धा तुमच्याहून सावकाश फिरतं," साळू म्हणायची.

त्या गावापासून सात दिवसांच्या वाटेवर तीन सुळके होते. सपाट माळावर उभे, जसे कुणी तीन खांब रोवावेत आणि वर छप्पर घालायचं विसरून जावं. त्या तिन्ही सुळक्यांच्या माथ्यावर एकेक मठ होता. कुणी बांधले, दगड वर कसे नेले, कुणालाच सांगता येत नसे. वर जायला पायरी नाही, वाट नाही. वरून एक दोर सुटायचा. दोराला जाळं, शिंक्यासारखं. माणसानं जाळ्यात बसायचं आणि वरच्या साधूंनी रहाट फिरवून त्याला ओढून घ्यायचं.

गावातला शिदू तेली त्यांतले दोन मठ पाहून आला होता. तेव्हापासून चावडीवर दुसरं बोलणं नाही. पावसाची गोष्ट निघाली तरी शिदू म्हणायचा, "वरून पाहिलं नाहीस ना तू, तुला काय कळणार!"

हे येसबाच्या जिवाला लागलं. साळूला तर लहानपणापासून ते मठ पाहायचे होते. सुगी आटोपल्यावर गावातल्या चार गाड्या तिकडं निघाल्या, तेव्हा नवराबायको त्यांत बसली. गाड्या तिथं दोन दिवस थांबणार होत्या.

"दोन दिवसांत तीन मठ," येसबा वाटेतच म्हणाला. "शिदूचे दोन, आपले तीन."

"मठ म्हणजे काय आव्यातली मडकी आहेत, मोजून लावायला?" साळू हसली.

आता तिथली एक रीत सांगतो. ती ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट तिच्यावरच टांगलेली आहे.

दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी भरते, तेवढा एक वाव. वर जाणाऱ्या प्रत्येकानं सुळक्याच्या पायथ्याशी बसून एक वाव दोर आपल्या हातानं वळायचा. वाख, म्हणजे घायपाताचा धागा, मठाचा; हात आपले. पण तो दोर आपल्यासाठी नाही. आपण वर जायचं ते आधी येऊन गेलेल्यांच्या दोरावर. आपला वाव बाजूला ठेवला जायचा. असे शंभर वाव जमले, की त्यांचा नवा दोर व्हायचा. मग जुना उतरवून त्याच्या वाती करायच्या आणि पुढच्या माणसांनी नव्या दोरावर जायचं.

पहिल्या दिवशी पहिला मठ झाला. येसबानं वाव चांगला वळला, पण हाताला फोड आले. मातीत मुरलेले हात ते, वाखाची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरा झाला. तिथं साळू माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्याशी बसून राहिली. येसबा आपला दर घटकेला, "चल ना, चल ना."

खाली उतरल्यावर साळू म्हणाली, "माझे दोन पुरे झाले. डोळे भरले माझे. तुम्ही जाऊन या. मी इथं गाड्यांपाशी बसते."

येसबा एकटाच तिसऱ्या सुळक्याकडं पळाला. तो सगळ्यांत उंच. पायथ्याशी वाखाच्या ढिगाजवळ एक म्हातारा बसला होता. लोक त्याला दोरकरी म्हणत. त्याच्यापुढं दोराची दोन मोठी वेटोळी होती.

"या," दोरकरी म्हणाला. "नव्याण्णव वाव झालेत. ही दोन वेटोळी जोडायला एकच कमी पडत होता. तुमचा वाव मध्ये घातला, की नवा दोर झाला."

येसबा वाख घेऊन बसला. ऊन कलायला लागलं होतं. फोड फुटले होते. पीळ दिला की हात झोंबायचे.

"बाबा, हे वाव तपासतं कोण?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"तुम्ही ज्या दोरावर आता बसणार, तो तुम्ही तपासला का?"

"मी कुठं तपासणार?"

"मग? तसंच चालत आलंय." आणि म्हातारा पाणी आणायला विहिरीकडं गेला.

येसबानं इकडंतिकडं पाहिलं. शेजारी केळीच्या खोडाचं वाळकं सोपट पडलं होतं. त्याच्या मनात आलं, 'मडकं लोक वाजवून घेतात. दोर कोण वाजवणार?' उभ्या जन्मात त्यानं तडकलेलं मडकं गेरू फासून विकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यानं सोपटाच्या बारीक पट्ट्या केल्या, पिळून पोटात घातल्या आणि वरून चांगला वाख असा गुंडाळला, की बघणाऱ्यानं बघत राहावं. कुंभाराचे हात ते! वाव गुळगुळीत झाला, एकसारखा झाला, कुठं गाठ नाही की कुसळ नाही.

दोरकरी परतला. वाव पाहून म्हणाला, "वा! असा वाव मी बघितला नव्हता." त्यानं तो दोन वेटोळ्यांच्या मध्ये गुंफला आणि सगळा नवा दोर जाळ्यात ठेवला. "घेऊन जा हा मांडीवर. तुमच्याबरोबरच वर जाऊ दे."

जाळं उचललं गेलं. येसबा जुन्या दोरावर लोंबकळत वर चालला आणि मांडीवर नवा दोर. त्यानं सहज वर पाहिलं. जुन्या दोराचा प्रत्येक वाव वेगळा होता. कुठं जाड, कुठं गाठाळ, कुठं एखाद्या पोराच्या हातचा वाकडातिकडा. पण एकही कुरकुरला नाही. कोण कुठली ती माणसं! त्याला ओळखतही नव्हती. आणि आता त्याला धरून होती.

मांडीवरचं वेटोळं एकाएकी जड लागायला लागलं.

माथ्यावर एका साधूनं त्याला हात देऊन उतरवून घेतलं. मठ दाखवला. भिंतींवर जुनी चित्रं होती, कड्यावर वाऱ्यानं वाकलेला एक चाफा होता, पाकोळ्यांची घरटी होती. साधू सांगत होता आणि येसबा मान डोलवत होता, पण दिसत काहीच नव्हतं. त्याचं मन रहाटाशी अडकलं होतं. तिथं चार साधू जुना दोर सोडवून नवा चढवत होते.

'येईल कुणीतरी,' तो मनाशी म्हणाला. 'कधीतरी. आज तर कुणी येत नाही.'

मग जुन्या दोरावर कोयता चालला. वातींसाठी तुकडे पडायला लागले. येसबाला तिथं उभं राहवेना. तो कड्याशी गेला. बऱ्याच वेळानं खालून घंटा वाजली. त्यानं वाकून पाहिलं.

खाली, मुंगीएवढं, हिरवं लुगडं दिसत होतं. ते लुगडं त्याच्या ओळखीचं होतं. ते जाळ्यात बसत होतं.

साधूंनी रहाटाला हात घातला. करकर आवाज झाला. दोर ताठ झाला आणि हिरवा ठिपका जमिनीवरून हातभर सुटला.

बाळांनो, माणसाला अशा वेळी दोन वाटा असतात. गप्प राहिला असता तर कदाचित दोर टिकलाही असता. कुणाला कळलंही नसतं. येसबाच्या मनात हे आलं. खोटं कशाला सांगू, आलं. पण ते मनात पुरतं उमटायच्या आत त्याचं तोंड बोलून गेलं होतं.

"थांबा! खाली सोडा तिला! माझा वाव पोकळ आहे!"

रहाट थांबला. हळूहळू उलटा फिरला. जाळं जमिनीला टेकलं, लुगडं बाहेर आलं, तेव्हा कुठं येसबाला श्वास घेता आला.

थोरले महाराज मठातून बाहेर आले. रागावले नाहीत. साधूंनी रिकामा दोर वर ओढून घेतला आणि अंगणात पसरला.

"कुठला हो तुमचा?" महाराजांनी विचारलं.

एका तरुण साधूनं एक गाठाळ, वेडावाकडा वाव उचलला. "हाच दिसतोय. बघा ना, कसा आहे!"

"नाही महाराज," येसबा खाली मान घालून म्हणाला. "तो नव्हे. ह्यात सगळ्यात देखणा आहे ना, तो माझा."

महाराजांनी तो वाव दोन्ही हातांनी धरला आणि नुसता एक हिसका दिला. तट्‌कन दोन तुकडे झाले. वाळकं सोपट भुरुभुरु उडालं आणि वाऱ्यावर कड्याखाली गेलं. महाराजांनी तुकडे बाजूला ठेवले.

"वाख त्या कोपऱ्यात आहे," महाराज म्हणाले. "बसा."

येसबा बसला. एक पेड झाला. हात झोंबत होते, झोंबू दिले. दुसरा पेड झाला. बसून बसून मान वर केली, तर समोर घारी फिरत होत्या, आणि त्याच्या डोक्यावर नव्हे, पायांच्या खाली फिरत होत्या! चाफ्याचं एक फूल त्याच्या वाखावर पडलं. भिंतीवरच्या चित्रात एक बाई चाकाशी बसून मडकं घडवत होती. मघाशी तिच्यापुढूनच तो दोनदा गेला होता. दिवस बुडायला टेकला तेव्हा त्याचा वाव झाला. जाडाभरडा झाला. दिसायला काहीच नव्हता.

तो दोरात गुंफल्यावर येसबा म्हणाला, "आधी मला बसू द्या."

"आम्ही दगड बांधून बघतो की," साधू म्हणाला.

"दगडानं नव्हता वळला."

तो स्वतःच्या वावावर खाली उतरला. दोर हूं की चूं करेना. खाली साळू कमरेवर हात ठेवून उभी.

"काय हो, मला अधांतरी उचललं आणि परत खाली? माझी काय थट्टा चालवली होती?"

"तू कशाला येत होतीस? पुरे झालं म्हणालीस ना?"

"म्हणाले खरी. पण तुम्हाला बघायला इथवर आले, तर ह्या बाबांनी सांगितलं, तुमच्या नवऱ्यानं असा वाव वळला की बघत राहावं. मला वाटलं, ज्या दोराला तुमचे हात लागलेत, त्यावर मला कसली भीती? म्हणून वाव वळायला बसले."

येसबानं तिला सगळं सांगितलं, सोपटासकट. साळूनं त्याचे फुटलेले हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "तेल लावायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू त्या दोरावर वर गेली आणि सावकाश, मन भरेपर्यंत मठ पाहून आली. तोवर गावच्या गाड्या निघून गेल्या होत्या. सात दिवसांची वाट दोघांनी पायी काढली, आणि गंमत अशी की येसबानं एकदाही "चल ना, चल ना" म्हटलं नाही.

चावडीवर शिदू तेली वाटच पाहत होता. "काय येसबा, किती मठ झाले?"

"एकच पाहिला, शिदू," येसबा म्हणाला. "तोही वाव वळत बसलो तेव्हा."

त्या सुळक्यावर अजून शंभर वावांचा दोर सुटतो म्हणतात, आणि वाव अजून कुणी तपासत नाही.

तर मुलांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपण अनोळखी माणसांच्या कष्टांवर वर चढतो, म्हणून जो माणूस आपल्याला कधी दिसणार नाही, त्याच्यासाठीही आपलं काम आतून पक्कं करावं.